मुंबई-गोवा वीकेंड क्रूझ: बेळगावकरांनी एकाच बाजूचं तिकीट काढावं

वीकेंड क्रूझमधला वीकेंड मुंबईकरांचा, आपला नाही, हे पहिलं डोक्यात घ्या. आम्हाला एजंटनं सांगितलं शुक्रवारी चढायचं, रविवारी उतरायचं, दोन रात्री, झालं. पण बेळगाव ते मुंबई पाचशे किलोमीटर, त्यात कागल ते सातारा हायवेचं सहापदरीकरण, त्यामुळं बस किती वाजता पोचेल ते ड्रायव्हरपण सांगत नाही. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी घर सोडायचं आणि परत यायला सोमवार उजाडतो. एवढं करून जहाज जातं कुठं तर गोव्याला, जो जांबोटी-चोर्ला घाटावरून आपल्याला तीन-साडेतीन तासांवर आहे. हे एजंटनं बुकिंग करताना एकदा तरी बोलायला पाहिजे होतं. त्याला माहीत होतं आम्ही बेळगावातल्या शहापूरचे ते.

जाताना बसनं जाऊ नका, हुबळी-दादर एक्सप्रेस धरा, संध्याकाळी बेळगावात बसायचं, सकाळी दादर. तिथून लोकलनं सीएसएमटी. आता नीट ऐका, क्रूझ टर्मिनल आहे बॅलार्ड पिअरला, गेट म्हणजे ग्रीन गेट, सीएसएमटीपासून दीड-एक किलोमीटर. गेटवे ऑफ इंडियाला नाही आणि भाऊच्या धक्क्यालापण नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ" म्हणालात की तो तुमच्या बॅगा बघतो आणि तोंडाला येईल ते मागतो. आमच्याकडं चारशे मागितले. काळ्या-पिवळ्याचं मीटरचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 31 रुपये आहे, त्यामुळं मीटर टाकतो का विचारा, नाही म्हणाला तर पुढच्याला हात करा. आमच्या मिस्टरांनी तिसऱ्याला विचारलं तेव्हा तो मुकाट आला.

टर्मिनलवरचे ते तास मी कधी विसरणार नाही. वेब चेक-इन केलेलं, वेळ एकची दिलेली, आणि आत हॉलमध्ये चारपर्यंत बसवून ठेवलं. वयस्कर माणसांसाठी वेगळी लाईन आहे असं फोनवर सांगितलेलं, तिथं तसलं काही नव्हतं. सासूबाई गुडघे धरून बॅगेवर बसल्या शेवटी. घरून नेलेला चिवड्याचा डबा स्कॅनरपाशी काढून घेतला, बाहेरचं खाणं आत नाही म्हणे, मग हॉलमध्ये खायला तरी ठेवा की काहीतरी! पाण्याची बाटलीसुद्धा विकत. म्हणून सांगते, सीएसएमटीजवळ पोटभर जेवूनच आत जा आणि आधार कार्ड ओरिजिनल हातात ठेवा, बॅगेत तळाशी नको, कारण मोठ्या बॅगा ते आधीच घेतात आणि संध्याकाळी केबिनपाशी आणून ठेवतात. गोळ्या-औषधं, लहान पोराचे कपडे, चार्जर, सगळं खांद्यावरच्या पिशवीत.

आता बिल. जाहिरातीत दिसतो तो आकडा माणशी असतो आणि तोसुद्धा एका केबिनमध्ये दोघं धरून. त्यावर पोर्ट चार्जेस वेगळे, जीएसटी वेगळा आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या नोकरांची टीप, म्हणून माणशी दर रात्रीचे वेगळे, पोराचेपण. ग्रॅच्युइटी आम्हाला बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलीच नाही. जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्डच सगळीकडं दाखवायचं, आणि त्यातच खरी गोम आहे. वरच्या मोठ्या हॉलमध्ये बुफेला चहा फुकट, खाली कॅफेच्या काउंटरवर तोच चहा पैशाचा, पाटी कुठंच नाही. सासूबाईंनी खाली दोनदा चहा घेतला, कार्ड दाखवलं, काउंटरवरच्या पोरानं हसत "एन्जॉय मॅम" म्हटलं. शेवटच्या रात्री रिसेप्शनला जाऊन बिल काढून घेतलं तर त्यात चहा, पाण्याच्या बाटल्या, आम्ही न घेतलेला एक फोटो आणि या सगळ्यावर सर्व्हिस चार्ज. फोटो भांडून काढायला लावला. मागं अर्धी लाईन तेच भांडत होती. तुम्ही रोज रात्री बिल बघत जा, शेवटच्या सकाळी बघाल तर उतरायच्या गडबडीत कुणी ऐकून घेत नाही.

फोनचंपण तसंच. किनारा सुटला की रेंज जाते आणि मोबाईल जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो, त्याचे दर भयंकर असतात. ग्रीन गेट सुटताच फ्लाइट मोड.

केबिन बिनखिडकीची स्वस्त असते, झोपायला ठीक, पण मळमळणारं माणूस बरोबर असेल तर खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध मागा, तिथं हलणं सगळ्यात कमी. गोळी डॉक्टरांना विचारून सुटायच्या आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. पावसाळ्यात मुंबई-गोवा बंदच असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर बघा.

समुद्रावरचा वेळ चांगला गेला. जेवण चांगलं, शाकाहारी वेगळं, पोरगं स्विमिंग पूलमधून बाहेर यायला तयार नव्हतं.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथं जहाजवाल्यांची गोवा सहल घेऊच नका, आपल्या लोकांना तर मुळीच गरज नाही, चर्च आणि पणजी आपण दर दुसऱ्या मे महिन्यात बघतो. गेटबाहेर पडलं की वास्को जवळच, कदंबाची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस मिळते, बोगमाळोच्या किनाऱ्यावर जाऊन मासे खाऊन या.

आणि मुख्य मुद्दा इथंच आहे. मुरगावला उभी राहून मला वाटलं, आता परत मुंबईला कशाला जायचं? आपलं घर इथून डोंगरापलीकडं. काही फेऱ्यांना मुंबई ते गोवा एकच बाजू मिळते, एका रात्रीची, स्वस्तपण पडते. एजंट दोन रात्रीचीच पुढं करणार, कारण त्यात त्याचं कमिशन जास्त. तुम्ही हटून एकच बाजू मागा. मुरगावला उतरा, वास्कोहून दुपारी गोवा एक्सप्रेस सुटते, दूधसागर, कॅसलरॉक, लोंढा करत रात्री बेळगावात सोडते. आमच्या आजोबांच्या वेळी लोक वेंगुर्ल्याला उतरून बोटीनं मुंबई गाठायचे, ही त्याचीच उलटी वाट झाली, आणि आपल्याला सोयीची तीच.

दोन रात्रीची परतफेरी बेळगावकरांनी करू नये, माझं स्पष्ट मत. एक बाजू मिळत नसेल तर ते पैसे ठेवा आणि चोर्ला उतरून गोव्यात चांगल्या हॉटेलात रहा. मिळत असेल तर गोवा एक्सप्रेसचं आरक्षण क्रूझच्या आधी बघा, सुट्ट्यांच्या दिवसात वास्को-बेळगाव सीट पटकन भरतात आणि जहाज उशिरा लागलं तर दुसऱ्या सोयीसाठी वास्कोहून गाडी करायचे पैसे हाताशी ठेवा.