पुतळ्या, राणीछाप आणि माझा वजनकाटा

२०१९ ची गोष्ट. आजी जाऊन वर्ष झालं होतं आणि मामाच्या खोलीचं काम निघालं होतं, म्हणून आजीच्या पुतळ्यांच्या माळेतल्या उरलेल्या सात पुतळ्या घेऊन मी आणि मामा आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गिरगावात गेलो. मूळ माळ एकवीस पुतळ्यांची, त्यातल्या चौदा मावशीच्या लग्नात गेल्या असं आई सांगते. सोनारकाकांनी सातही पुतळ्या काट्यावर ठेवल्या, वजन सांगितलं, आणि सहज म्हणाले, "ताई, सोनं एक नंबर आहे, कड्या काढतो आणि आटवायला टाकतो, चालेल ना?" आणि मला काय झालं माहीत नाही, मी म्हटलं, "काका, एक मिनिट थांबा."

माझ्या पर्समध्ये तेव्हा कायम एक भिंग असायचं, अजूनही असतं. मी तिथेच काउंटरवर एक पुतळी उचलून भिंगाखाली धरली. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून ह्या पुतळ्या हातात घेतल्या होत्या, तेव्हा आजी दाखवायची की हा उभा आहे तो राम आणि हा पुढ्यात गुडघ्यावर बसलाय तो मारुती, आणि मी हात जोडायचे. आता भिंगातून बघितलं तर उभ्या माणसाच्या बाजूने वरून खाली रोमन अक्षरं, एस एम व्हेनेट, आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसलेल्या माणसामागे लुडोव्ह मॅनिन. मला घामच फुटला. लुडोव्हिको मॅनिन हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा शेवटचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. १७८९ ला गादीवर आला आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्यच संपवलं. म्हणजे आजीचा राम म्हणजे व्हेनिसचा संत मार्क, आणि मारुती म्हणजे त्याच्याकडून झेंडा घेणारा डोज. मागच्या बाजूला लंबगोलात उभा ख्रिस्त आणि भोवती चांदण्या. आपण ज्याला पुतळी म्हणतो ती मुळात व्हेनिसची सोन्याची मोहर, साधारण साडेतीन ग्रॅमची आणि जवळजवळ शुद्ध सोन्याची. मिरी-मसाला, कापड घ्यायला युरोपातून सोनं यायचं ते तांबड्या समुद्रामार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायचं, आणि त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांवरून आपल्या बायकांनी त्याला पुतळी म्हटलं आणि गळ्यात घातलं.

सातपैकी दोनच पुतळ्यांवरची अक्षरं वाचता आली. बाकीच्या पाचांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि टिंबं, चांदण्याही वेड्यावाकड्या, कारण त्या इथेच बनलेल्या नकला आहेत, व्हेनिसच्या मोहरेला इतकी मागणी होती की इथले कारागीर तिच्यासारखी बनवायचे, आणि सोनंही बहुतेक वेळा चांगलं असायचं. खरं सांगू का, मला त्या पाच जास्त आवडतात. लॅटिन न येणाऱ्या कुठल्या तरी कारागिराने ती अक्षरं बघून बघून उतरवलीत, आणि एका पुतळीवर तर गुडघ्यावरच्या माणसाचा झगा पाठीमागून असा वळवलाय की शेपटीच वाटते. आजी चुकीची नव्हती असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

भिंग पर्समध्ये का होतं तर त्याच्या चारेक वर्षं आधीपासून मी राणीछाप रुपये जमवत होते. त्याची सुरुवात पण आजीचीच. तिच्या पितळी डबीत एक व्हिक्टोरियाचा रुपया होता, १८६२ चा, लक्ष्मीपूजनाला बाहेर यायचा, हळदकुंकू लागायचं आणि परत डबीत. तो तिने मला दिला. आणि मी काय केलं, तर पहिल्याच दिवाळीला त्याला टूथपेस्ट लावून ब्रशने घासला. काळा पडला होता ना, चकाचक करूया म्हटलं. झाला चकाचक. मग पुढे कधीतरी भिंग घेतलं आणि राणीच्या गालावर बघितलं तर केसासारख्या बारीक शेकडो रेघा, सगळ्या एका दिशेने, माझ्या ब्रशच्या. दीडशे वर्षांत चांदीवर जी निळसर-करडी साय चढते ना, ती नाण्याची स्वतःची कातडी असते, ती एकदा गेली की कुणी परत आणून देत नाही. त्याचा मला आजही मनापासून पश्चात्ताप होतो, आणि म्हणून भेटेल त्याला सांगते की चिंच नको, रांगोळी नको, लिंबू नको, काही काही लावू नका. फार तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून मऊ सुती कपड्यावर टिपून घ्या, घासू नका.

आता वजनाचं. बंदा रुपया आपण म्हणतो तो हाच, आणि त्याचं वजन बरोब्बर एक तोळा. १८३५ पासून ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकसारखा रुपया सुरू केला तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. पूर्वीचे सोनार वजन म्हणून पारड्यात रुपयाच टाकायचे, कारण रुपया म्हणजेच तोळा. (आता झवेरी बाजारात तोळा म्हटलं की दहा ग्रॅम धरतात, ते वेगळं.) हे मला माहीत नव्हतं तेव्हा मी रस्त्यावरच्या एका पथारीवरून आठशे रुपयांना एक राणीछाप घेतला. चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही, म्हणून खूश झाले. घरी ऑनलाइन मागवलेला दोन दशांशापर्यंत दाखवणारा काटा आला त्या दिवशी ठेवला तर ९.८! परत ठेवला, परत ९.८. चुंबकाला चांदी चिकटत नाही हे खरं पण पितळ आणि जर्मन सिल्व्हर (नावातच सिल्व्हर, आत चांदी नाही) तरी कुठे चिकटतं. मग कडेने बघितलं तर साच्याची शिवण दिसत होती, आणि कडेच्या खाचा कुठे जाड कुठे गायब. त्या खाचा मुळात असतात कशासाठी तर कडा कातरून चांदी चोरणाऱ्याची चोरी लगेच दिसावी म्हणून.

तेव्हापासून मी प्रत्येक रुपयाला पाण्याची टेस्ट करते. काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं, आणि काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. अस्सल रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, भागाकार, म्हणजे नाण्याची घनता, १०.३ च्या जवळ येतो. पुतळीला ही युक्ती नीट चालत नाही कारण ती इतकी लहान की घरच्या काट्यावर शेवटचा आकडा हलला तरी उत्तर कुठच्या कुठे जातं, आणि त्यात ती कडी.

माझं ऑफिस फोर्टात. शहीद भगतसिंग रोडवर रिझर्व्ह बँकेसमोर उंच खांबांची जुनी इमारत दिसते ना, ती मुंबईची टांकसाळ, १८२० च्या दशकातलं बांधकाम. रोज तिथून जाते आणि रोज एकदा तरी मनात येतं की आजीचा रुपया इथेच पाडला गेला असेल का. १८६२ च्या रुपयात गंमत अशी की पुढची बारा-एक वर्षं साल बदललंच नाही, दरवर्षी १८६२ च. पण मुंबईच्या टांकसाळीने सालाच्या वर-खाली बारीक ठिपके टाकले आणि अभ्यासक ते ठिपके मोजून खरं वर्ष लावतात. माझ्या रुपयावर ठिपके आहेत, म्हणजे मुंबईचाच! पण टूथपेस्टच्या कृपेने एक ठिपका आहे की नाही हेच कळत नाही. सालामुळे किंमत किती बदलते ते सोडा, मला नुसतं कळायला हवं होतं.

मुंबईची टांकसाळ म्हटलं की १९१८ ची गिन्नी आलीच. पहिल्या महायुद्धात इथे लंडनच्या रॉयल मिंटची (टांकसाळीची) शाखा काढून सॉव्हरिन, म्हणजे आपल्या गिन्न्या, पाडल्या, घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या खाली जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर, एक बारीकसा आय असतो, इंडियाचा आय. गिन्नी घरात असेल तर तेवढा आय बघा. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही शोधण्यासारखा, राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, एवढी ओरड झाली की पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा छाप बदलावा लागला.

शिवाजी महाराजांचा होन आहे का असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, पावणेतीन-एक ग्रॅमचं ते सोनं बघायला मिळणं हेच भाग्य, अस्सल होन फार थोडे उरलेत आणि खोट्यांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे कुणी स्वस्तात होन देतो म्हणाला तर मुकाट्याने घरी या. तसंच १८१८ सालची राम-सीता किंवा हनुमान छापलेली तांब्याची नाणी, कंपनीने असं नाणं पाडलंच नाही, ते देवळाबाहेर विकायचे टोकन आहेत, आणि तांदूळ खेचतं वगैरे सांगून लाखो रुपयांना लोकांना बुडवलंय. जुन्या नोटा-नाण्यांना रिझर्व्ह बँक पैसे देते म्हणून आधी फी मागणारे फोन येतात तेही तसलेच, २०२१ मध्ये बँकेने स्वतः जाहीर केलं की आमचा असल्या व्यवहाराशी काही संबंध नाही.

आटवण्याचा विषय निघाला की मला जोगळटेंभी आठवतं. नाशिकजवळचं हे गाव, १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय. त्याने ती आटवली नाहीत. नहपानाचा चेहरा तसाच ठेवून त्याच्यावर आपली खूण ठोकली, त्यामुळे कितीतरी नाण्यांवर दोन्ही राजे दिसतात, एकाच्या नाकावर दुसऱ्याचं चिन्ह. सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला ह्याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा कुठला असणार, आणि तो साठा ज्यांना सापडला त्यांनी मूस पेटवली असती तर? जमिनीत असा साठा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांवरची नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही जमवणाऱ्याने लक्षात ठेवावं.

तर त्या दिवशी दुकानात मामाला म्हटलं, मामा, आजचा भाव काय होतो तेवढे पैसे मी देते, पण हे आटवायचं नाही. मामा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "अगं पण सोनं तर सोनंच ना, त्यात काय एवढं?" मी त्याच्या हातात भिंग दिलं. त्याने बराच वेळ बघितलं, चष्मा वर करून, परत खाली करून, आणि मग नुसतं "कड्या पण काढू नका" असं काकांना सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी एक एफडी मोडली. कड्यांमुळे संग्राहकांच्या बाजारात किंमत कमी होते हे मला माहितीये, पण त्या कड्या आजीच्या गळ्यातल्या आहेत.

आता त्या सात पुतळ्या वेगवेगळ्या मायलारच्या (एक प्रकारचं पारदर्शक पॉलिएस्टर प्लास्टिक) पाकिटात लॉकरमध्ये आहेत (पीव्हीसीचं पाकीट वापरू नका, नाण्यावर हिरवट चिकट थर येतो), प्रत्येकीचं वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो वहीत. गेल्या आठवड्यात मामीचा फोन आला, तिच्या माहेरी अलिबागला अकरा पुतळ्यांची माळ आहे आणि वाटण्या व्हायच्यात, त्याआधी एकदा बघून जाशील का म्हणून. रविवारी सकाळच्या बोटीने निघतेय, भिंग आणि काटा घेऊन.