काखेत चौबगला

अंगरख्याची खरी परीक्षा काखेत होते. गळ्याभोवती कितीही वेलबुट्टी काढा, बाहीला कितीही झगझगीत काठ लावा. माणसानं हात वर केला आणि शिवण कर्रकन उसवली की सगळी शोभा संपली. आणि मी ज्यांच्यासाठी शिवते ती माणसं हात फार वर करतात. कोणी वेताची तलवार उगारतं, कोणी धनुष्य ताणतं, आणि त्यांची पोरं तर दिवसभर झाडावरच असतात.

ही माणसं म्हणजे इथली, पिट्सबर्गमधली माझी मित्रमंडळी. आठवडाभर कोणी ट्रक चालवतं, कोणी इस्पितळात रात्रपाळी करतं आणि शनिवार उजाडला की सगळी उठून दहाव्या शतकात जातात. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम असं भारदस्त नाव असलेली त्यांची संस्था आहे. १९६६ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात बर्कलीला काही हौशी मंडळींनी एका घराच्या परसात मध्ययुगीन थाटाच्या लढती मांडल्या, त्यातून ती निघाली. आमच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर स्लिपरी रॉक नावाचं गाव आहे. तिथं दर उन्हाळ्यात पेन्सिक नावाची त्यांची मोठी जत्रा भरते. १९७२ पासूनची. दोन आठवडे, हजारोंनी माणसं तंबू ठोकून राहतात, खोटी युद्धं लढतात आणि खरा घाम गाळतात.

तिथं नुसतं बघायला येणारा असा कोणी नसतोच. आत पाऊल टाकायचं तर सतराव्या शतकाच्या आधीच्या धर्तीचे कपडे घालायचा निदान प्रयत्न केलेला दिसला पाहिजे. नियमात प्रयत्न एवढंच मागितलंय, हे मला फार आवडतं. जमलं पाहिजे असं कोणी म्हणत नाही. पण प्रयत्न करायचा म्हणजे कोणीतरी सुई हातात घ्यायला हवी, आणि ज्या बाईच्या घरी शिवणयंत्र कायम उघडं असतं तिच्या दारावर मग टकटक होते.

पहिल्यांदा बेतणीचा कागद समोर आला तेव्हा मी परक्या मुलखातलं काहीतरी अवघड असणार म्हणून कंबर कसून बसले होते. निघालं काय, तर आजोबांचा सदरा. अंगाला पुढंमागं दोन लांब पट्टे, बाह्यांना दोन, बाजूंना घेर यावा म्हणून कळ्या, म्हणजे तिरके कापलेले तुकडे, आणि काखेत चौबगला, म्हणजे हात मोकळा फिरावा म्हणून घातलेला चौकोनी जोड. कात्री सरळ रेघेत चालते, एका कळीच्या तिरक्या बाजूला दुसरी उलटी बसते आणि शेवटी टेबलावर मूठभर चिंध्यासुद्धा उरत नाहीत. उरणार कशा? चरखा युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास आला; तोवर सगळं सूत टकळीवर. जिनं उभं-आडवं सगळं सूत हातानं कातलंय तिच्या देखत कापडाचे गोल तुकडे कापून फेकून देण्याची छाती कोणाची होती!

मिरजेच्या मावशीला फोनवर हे सांगितलं. “अगं, गोऱ्यांचे झगे कसले शिवतेस तू? नाटकबिटक आहे का?” ती म्हणाली. मी सगळी हकीगत सांगितली. तलवारी, तंबू, राजा-राणी. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “चौबगला घालतेस ना पण? नाहीतर फाटेल हो.” मध्ययुगाबद्दल तिला याहून जास्त कुतूहल नव्हतं, आणि खरं तर याहून जास्त लागतही नाही.

जुने कपडे मुळात टिकतातच कमी. लिननचं कापड (ज्या जवसाची आपण चटणी करतो त्याच झाडाच्या देठाचं) मातीत कुजून जातं, म्हणून डेन्मार्कच्या व्हिबॉर्गला सापडलेल्या अकराव्या शतकातल्या एका सदऱ्याचं इतकं कौतुक. लोकर जरा चिवट. १९२१ मध्ये पॉल न्योर्लुंड नावाच्या डॅनिश संशोधकानं ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला, हेर्योल्फ्सनेसच्या जुन्या दफनभूमीत खोदलं, तेव्हा गोठलेल्या जमिनीतून लोकरीचे अंगरखे, टोपडी, मोजे निघाले. शवपेटीला लाकूड मिळणं कठीण, तेव्हा माणसाला त्याच्या जुन्यापान्या कपड्यांतच गुंडाळून पुरलं होतं. कपड्यांच्या विणीतून झुडपांची मुळं आरपार गेलेली. त्यांत लहान मुलांचे कपडेही आहेत. अंगरख्यांना बाजूंनी एकाशेजारी एक कळ्या, आणि काखेत आपल्यासारखा चौकोन न घालता बाहीच्या मागच्या अंगाला त्रिकोणी जोड दिलेला, म्हणजे कुदळ मारताना किंवा होडी वल्हवताना कापड ताणू नये. गळ्याच्या कडेला इतके बारीक टाके की कोपनहेगनच्या संग्रहालयातले त्यांचे फोटो मी भिंग लावून पाहते. ते कपडे घालणारा मनुष्य राजा नव्हता. शेतकरी, मेंढपाळ असेल. तरी कुणीतरी त्याच्या काखेचा विचार केला होता.

सिनेमावाल्यांनी मध्ययुगाचं एक वाटोळं करून ठेवलंय. तिथं सगळे आपले चिखलाच्या रंगाचे. प्रत्यक्षात त्या लोकांना रंगांचा केवढा सोस! मॅडरच्या मुळांचा लाल (आपल्या मंजिष्ठेची ही सख्खी चुलतबहीण), वेल्डचा लख्ख पिवळा आणि वोडच्या पानांचा निळा. निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा. वोडमधला निळा आणि आपल्या नीळीतला निळा रसायन म्हणून एकच. फक्त नीळीत तो कितीतरी जास्त. म्हणून पुढं हिंदुस्थानातून जहाजं भरून नीळ जायला लागली तेव्हा जर्मनीतल्या एरफुर्टसारख्या, वोडवर गबर झालेल्या गावांच्या पोटात गोळा आला. तेव्हा एखादी चिमुरडी मला लाल आणि पिवळा दोन्ही हवेत म्हणून हटून बसली तर मी तिच्याच बाजूनं. गुलाबी मागितला तरी हरकत नाही; मॅडरचा फिका हात दिला की तोही मिळायचा.

सजावट मात्र कडेला. गळा, मनगट, घेराची खालची किनार. याला नुसती हौस म्हणता येत नाही, कारण कपडा विरतोही आधी तिथंच. वर पट्टी बसवली की विरणं तिच्यावर जातं आणि ती बदलता येते. स्वीडनमध्ये बिर्काला दहाव्या शतकातल्या थडग्यांत रेशमाच्या आणि चांदीच्या तारेच्या विणलेल्या पट्ट्या सापडल्यात. चार भोकं पाडलेल्या पातळ चौकोनी पानांतून दोरे ओवायचे आणि ती पानं फिरवत फिरवत विणायचं, असं ते काम. पट्टी कशीबशी बोटभर रुंद, काही तर त्याहूनही अरुंद. माझी एक मैत्रीण पत्त्यांच्या जुन्या कॅटाला भोकं पाडून तशा पट्ट्या विणते. तिच्याकडे वेळ आहे, संयम आहे. माझ्याकडे साड्यांचे काठ आहेत.

होय, इथली निम्मी मध्ययुगीन सरदारमंडळी साडीच्या काठावर जगतात. फार पूर्वीच त्यांना हा शोध लागलाय. आपल्याकडे विरलेल्या साड्यांचे काठ कोणी जपून ठेवतं, कोणी गोधडीत घालतं. माझ्या पिशवीत इरकली, नारायणपेठी, कुठली तरी रुईफुलाची किनार असं सगळं असतं, आणि पिशवी उघडली की धिप्पाड, दाढीवाले व्हायकिंग लग्नघरातल्या करवल्यांसारखे भोवती जमतात. पैठणीचे मोर मी देत नाही. इंग्लंडातल्या यॉर्कचा लोहार होऊन आलेल्याच्या मनगटावर पैठणचा मोर बघवत नाही मला. करवतकाठी मात्र शोभून दिसते. त्रिकोणांची ओळ कुठल्याही शतकात खपते.

टाके मोजणारे लोक तिथंही आहेतच. एकानं नाक मुरडून विचारलं, साडी कापून लावलेली पट्टी कुठल्या उत्खननात मिळाली? मी म्हटलं, ओसेबर्गला. नॉर्वेतल्या ओसेबर्गला १९०४ मध्ये एक जहाज उकरून काढलं; ते इसवी सन ८३४ मध्ये दोन स्त्रियांबरोबर पुरलेलं होतं. त्यात पूर्वेकडून आलेल्या रेशमाच्या अरुंद पट्ट्या होत्या. भारी कापड आणून, नक्षीतला पक्षी मधोमध चिरला गेला तरी पर्वा न करता, त्याच्या चिरफळ्या केल्या होत्या आणि कपड्यांना लावल्या होत्या. म्हणजे दूरदेशीचं उंची वस्त्र मिळालं की त्याचे काठ करायचे, ही रीत चांगली बाराशे वर्षांची. त्या गृहस्थांनी त्यानंतर माझ्याकडून दीड वार नारायणपेठी नेली.

मोठ्यांचं शिवणं म्हणजे मापं आणि मानपान. मुलांचं तसं नाही. मुलांचं नेहमी वाढत्या अंगाचं शिवायचं. शिवणींत माया भरपूर सोडायची, घेर आत दुमडून ठेवायचा आणि बाह्या मनगटाशी मुडपायच्या. दर वसंतात एकेक दुमड उसवली की अंगरखा पोराबरोबर उंच होतो. आधी गुडघ्याखाली येणारा पुढं मांडीवर येतो, मग धाकट्या बहिणीकडे जातो. कळीदार असल्यामुळं मुलगा-मुलगी असला भेदही त्याला कळत नाही.

मुलांच्या मागण्या मात्र कडक असतात. शेजारच्या धाकट्याला छातीवर स्वतःचं चिन्ह हवं होतं. आणि चिन्ह काय, तर बेडूक. मध्ययुगातल्या ढालींच्या चिन्हांचा एक फार शहाणा नियम आहे: रंगावर रंग बसवायचा नाही, सोनेरी किंवा रुपेरीवर रंग बसवायचा, नाहीतर उलट. कारण साधं, लांबून घोड्यावरून ओळखू यायला हवं. म्हणून पिवळ्या कापडावर हिरवा बेडूक कापून लावला, कडेनं काजटाका घातला आणि डोळ्यांना कापडी बटणं केली. कापडाची गोल चकती कडेनं धावदोऱ्यानं ओढून स्वतःतच कोंबायची, घट्ट घुंडी होते. लंडनला चौदाव्या शतकातल्या बाह्यांवर अशीच ओळीनं सापडलीत. दुसरी मागणी खिशाची. त्या काळच्या अंगरख्यांना खिसे नसत, असं सांगितल्यावर धाकट्यानं माझ्याकडे असं पाहिलं की सगळा दोष माझाच. शेवटी कंबरेच्या पट्ट्याला अडकवायला बटवा शिवून दिला. त्यात आता दगड असतात. त्याच्या वडिलांच्या बटव्यात फोन आणि गाडीची किल्ली.

राजा-राणी व्हायचं मात्र प्रत्येकाला असतं. इंग्लंडमध्ये १३६३ मध्ये कायदाच केला होता: नांगऱ्यानं, गाडीवानानं, गुराख्यानं जाडंभरडं लोकरीचंच कापड वापरावं, वर चढू नये. कायदा फार काळ टिकला नाही; कपड्यांबाबत माणसं कोणाचं ऐकतात? तो आज लागू केला तर आमच्या ट्रकवाल्या सरदाराच्या अंगावरून निम्मं जरीकाम उतरेल.

मी लांब शिवणी सरळ यंत्रावर मारते. कडा, गळा आणि दिसणारे टाके तेवढे हातानं, मेणावरून दोरा ओढून. दहा फुटांवरून बरं दिसलं की झालं, असा इथं एक दयाळू संकेत आहे. चौबगला मात्र हातानंच. त्याच्या चार कोपऱ्यांत यंत्राची सुई गोंधळते, आणि टोकाशी दोन उलट्या टिपा जास्त पडल्या तर लढाई निभावते. तो कोणाला दिसत नाही. आजवर एकानंही काखेकडे पाहून वाहवा केलेली नाही.

लहान झालेले, कंटाळा आलेले कपडे एका सार्वजनिक पेटीत जातात. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याकडे काही नसेल तर त्याला दिवसभरासाठी तिथून कपडे मिळतात. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका नवख्या पोरगेल्या माणसाच्या अंगावर मला माझा अंगरखा दिसला. त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन तंबूचा खांब धरत तो मला म्हणाला, ही मनगटावरची नक्षी बघा, काय काम आहे! असली पट्टी कुठं विकत मिळते हो? मी त्याला मिरजेचं नाव सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं, खांब पुन्हा वर उचलला आणि कुठंही काही उसवलं नाही.