लोणारच्या पानाखालचे दुवे

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि आमच्या मेहकर तालुक्यातल्या गावात फोनवर दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे कारखान्याचं पाणी सोडलं. मी गावातल्या ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. टाळेबंदीत वाचनालयाला कुलूप होतं, पण किल्ली माझ्याकडे होती आणि गावात रेंज धरणारी जागाही तीच, वाचनालयाची पायरी. लोकांना एका ठिकाणी नीट लिहिलेलं दाखवावं म्हणून मी मराठी विकिपीडियावरचं लोणारचं पान उघडलं. वर ‘संपादन’ असं दिसलं. आपल्यालाही यात भर घालता येते हे मला त्या दिवशी कळलं.

माझी पहिली भर म्हणजे एक दुवा. माझ्या भाच्याने लोणारला दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत. त्याच्या साइटवर सरोवराचे तीसेक फोटो होते, दैत्यसूदन मंदिरातल्या मूर्तींचे तर फारच सुंदर. पानाच्या तळाशी ‘बाह्य दुवे’ म्हणून भाग होता, तिथे मी तो पत्ता टाकला. तास-दीड तासात तो निघाला. पानाच्या संपादनांच्या इतिहासात कारण लिहिलेलं होतं, ‘जाहिरात, निकषांत बसत नाही’.

मला फार लागलं ते. लोणार आमचं, फोटो आमच्या पोराने पायपीट करून काढलेले, आणि कुठल्या तरी गावातला माणूस एका ओळीत ते काढून टाकतो. मी चर्चा पानावर लांबलचक लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, अगदी शांत भाषेत. त्यात दोनच प्रश्न होते. लेखात नसलेलं आणि लेखात घेताही येणार नाही असं या दुव्यात वाचकाला काय मिळतं? आणि या साइटशी आपला काही संबंध आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर दिल्यावर वाद तिथेच संपला. मग मी विकिपीडियाचे बाह्य दुव्यांचे निकष वाचायला बसले. इंग्रजीतलं ते पान मला तीन दिवस पुरलं. आधी मला संदर्भ आणि बाह्य दुवा यांतला फरकच माहीत नव्हता. लेखातलं विधान ज्याच्या आधारावर उभं आहे तो संदर्भ, त्याची जागा त्या विधानापाशी. बाह्य दुवा म्हणजे लेख वाचून झाल्यावर ज्याला पुढे जायचं आहे त्याच्यासाठी ठेवलेली वाट. त्या वाटा थोड्याच असाव्यात आणि प्रत्येकीमागे कारण असावं. आपली स्वतःची किंवा नातलगाची साइट आपण घालायची नाही, फार तर चर्चा पानावर सुचवायची. काही विकायला बसलेली साइट, नावनोंदणी केल्याशिवाय न उघडणारी, गूगलच्या शोधाचं नुसतं पान, फेसबुकचे गट, हे सहसा बाहेर. आणि एखाद्या दुव्यावर वाद झाला तर सहमती होईपर्यंत तो बाहेरच राहतो. तो का हवा हे पटवून देणं हे घालणाऱ्याचं काम. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत जास्त पटला. वाचनालयातही पुस्तक घेताना का घ्यायचं ते मला समितीला सांगावं लागतं.

भाच्याला सांगणं मात्र जड गेलं. तो म्हणाला, “आत्या, तुया हातात हाय ना? मंग आपली लिंक काऊन राहू देत नाई? तिथं लिंक असली की गूगलवर आपलं नाव वर येते.” मी त्याला समोर बसवून दाखवलं. विकिपीडियावरच्या बाहेर जाणाऱ्या दुव्यांना २००७ पासून ‘नोफॉलो’ अशी खूण असते, म्हणजे हा दुवा धरून त्या साइटचं वजन वाढवू नका असं शोधयंत्रांना सांगितलेलं असतं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, फोटो तरी घे. त्याच्या फोटोंतले मूर्तींचे सहा फोटो त्याने स्वतः, कुणालाही वापरता येतील अशा मुक्त परवान्याने, कॉमन्सवर म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर चढवले. त्यांतला एक आता लेखात आहे, चित्रावर टिचकी मारली की त्याचं नाव दिसतं. साइटचा पत्ता नाही.

मग मी तळाशी आधीपासून असलेले दुवे एकेक करून तपासायला घेतले. घरी वायफायवर तपासू नये, वाचक जिथून उघडतो तिथूनच उघडून पाहावं, असं माझं मत तेव्हाच झालं. पायरीवर बसून एक पीडीएफ उतरवायला घेतली, तर पाऊण तास झाला तरी ती अर्धीच. अशा दुव्यापुढे फाइलचा आकार लिहायला हवा, म्हणजे माणसाचा डेटा वाया जात नाही.

एक दुवा ‘लोणारची माहिती व छायाचित्रे’ या नावाचा होता. शेजारची आठवीतली मुलगी प्रकल्पासाठी चित्रं शोधत होती. मी तिला म्हटलं, हा उघड. तिने उघडला आणि फोन माझ्यापुढे धरला. “ताई, हे काय वो?” पडद्यावर लाल-पिवळ्या रंगात खेळायचे पत्ते फिरत होते, मोबाइल नंबर टाका आणि पहिल्या डावाला पैसे मिळवा असं लिहिलेलं होतं. मी फोन हिसकावूनच घेतला. त्या साइटच्या मालकाने नावाच्या नोंदणीचं नूतनीकरण केलं नसणार, ते नाव जुगारवाल्यांनी उचललं आणि आमच्या सरोवराच्या पानावरून शाळकरी पोरांना तिकडे जायची वाट उघडी राहिली. किती दिवस, कोण जाणे. दुवा घालणाऱ्याची काही चूक नव्हती. पण घातलेला दुवा पुन्हा कुणी उघडून पाहिला नव्हता.

तो मी तिथल्या तिथे काढला. मग वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, त्या पत्त्याची जुनी प्रत सापडते का पाहिलं. सापडली. मजकूर बहुतेक जुन्या गॅझेटियरमधून, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथातून, उचललेला होता. मूळ बुलडाणा गॅझेटियर १९१० सालचं, त्याच्या स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपली आहे आणि ते आख्खं स्कॅन होऊन उपलब्ध आहे. मूळच देता येत असताना नक्कल कशाला? गॅझेटियरचा दुवा ठेवला.

सरोवराच्या वयावरून मात्र खूप दिवस गेले. एक दुवा सांगत होता, उल्कापाताने झालेलं हे विवर सुमारे ५२ हजार वर्षांपूर्वीचं, दुसरा सांगत होता सुमारे ५ लाख ७० हजार. मला वाटलं एक खोटा, तो काढू. चर्चा पानावर एकाने समजावलं की दोन्ही आकडे मोजणीतूनच आले आहेत. पहिला थर्मोल्युमिनेसन्सने, म्हणजे तापवलेल्या खनिजातून निघणारा प्रकाश मोजून, दुसरा नंतर आर्गॉनच्या पद्धतीने, म्हणजे खडकात साठलेला आर्गॉन वायू मोजून. असा मतभेद तळाच्या दुव्यांत सोडून वाचकाला गोंधळात टाकायचं नाही. तो लेखात उघड लिहायचा, दोन्ही आकडे, दोन्ही पद्धती, प्रत्येकाला संदर्भ. म्हणजे दोन्ही दुवे तळातून उठले आणि वर लेखात जाऊन बसले. गुलाबी पाण्याचंही तसंच झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून निघालं. ते लेखातच यायला हवं होतं. तळाशी मग फारसं काही राहिलं नाही. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीचं पान, कारण २०२० मध्येच लोणार त्या यादीत आलं. नासाची उपग्रहचित्रं. आणि ते गॅझेटियर.

राहिली आमच्या वाचनालयातली पुस्तिका. जवळच्याच गावच्या एका शिक्षकांनी पन्नासेक वर्षांपूर्वी स्वखर्चाने छापलेली, चौसष्ट पानांची. काठावरची देवळं, झरे, यात्रा, गुराख्यांच्या तोंडची नावं, सगळं त्यात आहे. मी ती स्कॅन करून ड्राइव्हवर ठेवली होती आणि तो दुवा घालायच्या बेतात होते. पण लेखक जाऊन वीसच वर्षं झाली आहेत. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. परवानगीवाचून चढवलेल्या प्रतीचा दुवा विकिपीडियावर देता येत नाही, पुस्तक कितीही मोलाचं असो. माझी प्रत मी ड्राइव्हवरून खाली घेतली. हातातलं सोनं परत पेटीत ठेवल्यासारखं वाटलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी त्यांचे चिरंजीव गावात येतात. वय साठीच्या पुढे, सोयाबीनची शेती. त्यांना वाचनालयात बोलावून चहा दिला आणि सगळं सांगितलं. मुक्त परवाना म्हणजे कुणीही छापू शकेल, विकूही शकेल, पण वडिलांचं नाव लावावंच लागेल, हेही लपवलं नाही. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, मुखपृष्ठावरून हात फिरवला. “बाबाचं पुस्तक लोकाईनं वाचलं पायजे, बस. विकू द्या कोनी विकते तं. आमच्या घरी त एकच रायली, तिले बी वाळवी लागली.” परवानगी तपासणाऱ्या विकिपीडियाच्या स्वयंसेवकांकडे ईमेल त्यांच्याच खात्यावरून जावा लागतो. खातं नातवाने काढून दिलेलं होतं, पासवर्ड पाकिटातल्या चिठ्ठीवर. एकेक अक्षर शोधत त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं. बहीणही वारस असल्याने तिची संमती लागेल असं उत्तर आलं. बहीण वाशिमकडे दिलेली. त्यात आणखी दीड महिना गेला.

आता पुस्तिका बाह्य दुव्यात नाही, मराठी विकिस्रोतावर म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथसंग्रहात आहे आणि लोणारच्या पानावरून तिकडे जाता येतं. आठवीतली ती मुलगी आता बारावीला आहे. रविवारी येते आणि आम्ही दोघी स्कॅनशी ताडून एकेक पान तपासतो. एकेचाळिसाव्या पानावर एका झऱ्याचं नाव शाईच्या डागाखाली गेलं आहे. लेखकाच्या चिरंजीवांनाही ते आठवत नाही. बहिणीला फोन करून विचारतो म्हणाले आहेत.