जहाज लागलंय, माल आलाय, पण उधारी विचारू नका

गेले दोन-तीन आठवडे रात्री झोपायच्या आधी एक वेगळाच नाद लागलाय, दोनशे वर्षांपूर्वीच्या सिडनीतल्या जाहिराती वाचत बसायचा. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लायब्ररीने ट्रोव्ह नावाच्या साइटवर जुने पेपर स्कॅन करून फुकट ठेवलेत, त्यातला 'सिडनी गॅझेट' मी उघडतो, गव्हर्नरचे हुकूम वगैरे सरळ स्किप करतो आणि थेट जाहिरातींवर जातो. या पेपरचं पूर्ण नावच मुळी 'सिडनी गॅझेट अँड न्यू साउथ वेल्स ॲडव्हर्टायझर', म्हणजे जाहिरात नावातच आहे.

पहिला अंक ५ मार्च १८०३ चा. चार पानं, किंमत सहा पेन्स. इंग्लंडहून कैदी घेऊन आलेल्या पहिल्या ताफ्यातली अकरा जहाजं जानेवारी १७८८ मध्ये इथे लागली, त्यांच्यासोबत छापखान्याचं लाकडी यंत्रही आलं होतं, पण ते नीट चालवणारं माणूसच नव्हतं म्हणून बरीच वर्षं पडून राहिलं. आणि पेपर काढला कोणी, तर जॉर्ज हाऊ नावाच्या कैद्याने! वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला हा छपाईवाला, १७९९ मध्ये इंग्लंडमध्ये दुकानातल्या चोरीबद्दल त्याला फाशी सुनावली होती, मग ती बदलून जन्मठेप आणि रवानगी सिडनीला. आता दुकानात चोरी केली म्हणून ज्याला समुद्रापार पाठवलं तोच माणूस दर आठवड्याला छपाईचे खिळे जुळवून दुकानदारांच्या जाहिराती छापतोय, हे डोक्यात आलं तेव्हा मी एकटाच मोबाइलकडे बघून हसत होतो.

आणि दुकानदार तरी कोण होते, त्यातले बरेच जण याच वाटेने आलेले. सिमियन लॉर्ड कापड चोरल्याबद्दल आला आणि इथे मोठा व्यापारी, लिलाववाला झाला, पुढे तर त्याला मॅजिस्ट्रेटसुद्धा केलं. मेरी रीबी ही घोडा चोरल्याबद्दल पाठवलेली पोरगी, पकडली तेव्हा मुलाच्या वेशात होती, १७९२ मध्ये सिडनीत आली. १८११ मध्ये नवरा वारला तेव्हा पदरात सात मुलं, तरी दुकान, गोदामं, जहाजं सगळं तिने एकटीने सांभाळलं आणि वाढवलं. आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे.

पण मला सगळ्यात आवडली ती पहिल्याच अंकातली एका शिंप्याची जाहिरात. पत्ता काय, तर जनरल हॉस्पिटलच्या मागे. बस. ना घर नंबर ना काही. गव्हर्नर मॅक्वारीने १८१० मध्ये रस्त्यांची नावं नीट ठरवली तोपर्यंत हे असंच चाललं होतं, आजचा जॉर्ज स्ट्रीट तेव्हा सार्जंट मेजर्स रो म्हणून ओळखला जायचा. तर हा शिंपी म्हणतो की रोजच्या वापराच्या वस्तू हल्ली जरा स्वस्त झाल्यात त्यामुळे मलाही शिलाई कमी करणं परवडतंय, कामं वेळेवर आणि काळजीपूर्वक करून देईन. एवढंच. 'शहरातला सर्वोत्तम' नाही की 'पहिल्यांदाच आपल्या भेटीला' नाही. आजच्या काळात महागाई कमी झाली म्हणून आपणहून दर उतरवणारा कोणी दिसला तर मला कळवा.

बाकी बहुतेक दुकानदारांची जाहिरात एका साच्यातली, अमुक जहाज आलंय, त्यातून हा हा माल उतरलाय, अमक्याच्या घरी मिळेल. ब्रँड नाही, चित्र नाही, नुसती यादी. चहा, साखर, साबण, सुती कापड, सगळं एका दमात. आधी मला वाटलं काय हे रटाळ, मग लक्षात आलं की इंग्लंडहून जहाज यायलाच कित्येक महिने लागायचे, मधे काही संपलं तर संपलं. तिथे 'माल आला' हीच बातमी आणि तीच जाहिरात, आणखी वर्णन करायची गरजच काय?

आणि हा माल बराचसा यायचा कुठून, तर बंगालमधून! रॉबर्ट कॅम्पबेल हा कलकत्त्याच्या पेढीचा माणूस, तो १८०० मध्ये सिडनीत स्थायिक झाला, बंदरावर स्वतःचा धक्का आणि गोदामं बांधली. त्याच्याआधी सगळी सूत्रं लष्करी अधिकाऱ्यांच्या हातात, जहाज लागलं की अख्खा माल तेच उचलायचे आणि मग लोकांना कित्येक पट दराने विकायचे, रम तर खास. कॅम्पबेलच्या याच पेढीने १७९६ मध्ये कलकत्त्याहून 'सिडनी कोव्ह' नावाचं जहाज पाठवलं होतं, त्यात सात हजार गॅलनवर दारू. ते टास्मानियाजवळ एका बेटाला लागून फुटलं. दारू खलाशांच्या हाती लागू नये म्हणून शेजारच्या बेटावर नेऊन ठेवली, त्या बेटाचं नाव आजही रम आयलंड! मदत आणायला सतरा जण निघाले, त्यात बरेचसे आपल्याकडचे लस्कर, म्हणजे जहाजावरचे हिंदी खलाशी, त्यांची होडीही किनाऱ्यावर फुटली, मग शेकडो मैल चालत गेले आणि सिडनीपर्यंत पोचले फक्त तिघे. यादीत 'बंगालची साखर' वगैरे वाचताना मला हे आठवतं.

खरी गंमत पैशाची. या गावात रोख पैसाच नव्हता, म्हणजे जवळपास नव्हताच. सरकारी कोठारात धान्य घातलं की मिळणारी पावती चालायची, गहू चालायचा, रम चालायची आणि ज्याने त्याने हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, की अमक्याला इतके देईन. त्यामुळे जाहिरातीत पेमेंट कशात घेणार हे लिहावं लागायचं. शेवटी १८१३ मध्ये मॅक्वारीने भारतातून आलेली चाळीस हजार स्पॅनिश डॉलरची नाणी घेतली आणि प्रत्येकाला मधोमध भोक पाडून घेतलं. बाहेरची कडी पाच शिलिंग, आतली चकती पंधरा पेन्स. भोक पडलेलं नाणं बाहेर कोण घेणार, म्हणून ते वसाहतीतच राहिलं. हे भोकं पाडायचं काम दिलं विल्यम हेन्शॉल नावाच्या माणसाला, आणि त्याची शिक्षा होती खोट्या नाण्यांबद्दल. (मी शपथेवर सांगतो, हे मी रचलेलं नाही.)

आता दुकानांच्या जाहिरातींना खेटूनच दुसऱ्या नोटिसा असतात, माझी चिठ्ठी हरवली आहे, कोणी आणून दिली तर वटवू नका. माझी बायको घर सोडून गेली आहे, तिला माझ्या नावावर उधार देऊ नका, दिलंत तर मी फेडणार नाही. हे नवऱ्यांचे रागाचे फतवे भरपूर आहेत, बायकांची बाजू फारच क्वचित दिसते. शेजारी साबण आणि चहा. सगळं गाव एकमेकांचं देणेकरी, आणि कोण किती विश्वासाचं हे ठरवायला ना आजोबापणजोबांची ओळख ना भाऊबंदकी, म्हणून छापून जाहीर करायचं.

एक गोष्ट मात्र खुपते. जमिनीच्या आणि शेतांच्या विक्रीच्या जाहिराती येतात, झाडं किती, कुंपण कसं, नदी किती जवळ, सगळं लिहिलेलं. ही गॅडिगल, म्हणजे सिडनीचे मूळ रहिवासी, आणि आजूबाजूच्या लोकांची जमीन होती याचा एका ओळीत उल्लेख नाही.

आणखी एक नोटीस मी आता मुद्दाम शोधतो. वसाहत सोडून जाणाऱ्याने आपलं नाव आधी गॅझेटमध्ये छापायचं, म्हणजे ज्याचं देणं असेल त्याने येऊन मागावं, गुपचूप जहाजात चढून पळता येऊ नये. अशा नावांच्या याद्या दिसल्या की मी त्या हॉस्पिटलमागच्या शिंप्याचं नाव त्यात आहे का ते बघतो. अजून शोधतोय.