'अति तिथे माती' आणि मोडलेली वेलांटी

२०१० च्या शेवटी मी माझं पहिलं अँड्रॉइड अ‍ॅप करायला घेतलं, मराठी म्हणींचं. वर म्हण, खाली अर्थ, एवढंच. दोन शनिवार-रविवारात होईल असं वाटलं होतं. यादीत अ ची पहिली म्हण 'अति तिथे माती', आणि फोनवर नुसते चौकोन, कारण तेव्हाच्या अँड्रॉइड २.१ आणि २.२ वाल्या बऱ्याच फोनमध्ये देवनागरी फॉन्टच नसायचा. (लोक तेव्हा ओपेरा मिनी ब्राउझरमध्ये बिटमॅप फॉन्टची, म्हणजे अक्षरं चित्र म्हणून दाखवायची सेटिंग चालू करून मराठी वाचायचे, आठवत असेल.)

मग मी अ‍ॅपमध्येच युनिकोड (सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) फॉन्ट टाकला. अक्षरं आली पण पहिली वेलांटी त च्या पुढे जाऊन शेजारच्या अक्षराला चिकटली, 'तिथे'चं 'तथिे' झालं, आणि 'म्हणी' हा शब्दच पाय मोडलेला म आणि सुटा ह असा दिसायला लागला. फॉन्टमध्ये आकार आणि जोडाक्षरांचे नियम असतात, पण ते नियम लावायचं आणि वेलांटी जागेवर न्यायचं काम सिस्टीमने करायचं असतं आणि मूळ अँड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी ते काम करणारं तेव्हा काही नव्हतंच. मराठी वाचायला दिलेलं अ‍ॅप मराठी चुकीचं दाखवत असेल तर बाकी बटणं कितीही छान असोत, मला तरी ते अ‍ॅप लोकांपुढे ठेववेना.

म्हणून काय केलं, कॉम्प्युटरवर प्रत्येक म्हणीची ३२० बाय ४८० ची पारदर्शक पीएनजी इमेज करून ठेवली. फाइल जेमतेम दहा-बारा केबीची, सुंदर दिसायची. २५ डॉलर भरून अँड्रॉइड मार्केटवर (आताचं गूगल प्ले) टाकलं आणि आठवड्याभरात क्रॅश रिपोर्ट यायला लागले, 'बिटमॅप साइझ एक्सीड्स व्हीएम बजेट', म्हणजे इमेजला मेमरी पुरत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं की फाइल कितीही छोटी असली तरी मेमरीत उघडली की एका पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एक इमेज साधारण ६०० केबी. स्वाइप पटकन व्हावं म्हणून मी मागच्या-पुढच्या दहा-दहा इमेज उघडून ठेवल्या होत्या, एकूण २१, म्हणजे १२ एमबीच्या वर, आणि स्वस्तातल्या फोनवर एका अ‍ॅपला मिळायची १६ एमबी! त्यात फोन आडवा केला की अँड्रॉइड स्क्रीन मोडून नव्याने बांधतं, जुनी स्क्रीन माझ्या कोडने एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये (अ‍ॅप चालू असेपर्यंत न सुटणाऱ्या जागेत) धरून ठेवलेली, त्यामुळे जुन्या २१ सुटायच्याच नाहीत आणि नव्या २१ वर यायच्या. माझ्या टेबलावर हे कधी दिसलं नाही कारण माझा फोन मोठ्या हीपचा, म्हणजे अ‍ॅपला जास्त मेमरी देणारा, आणि इम्युलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) उघडायलाच इतकी मिनिटं लागायची की मी तो टाळायचो.

सगळ्यात जास्त त्रास एका रिव्ह्यूचा झाला. एक स्टार, आणि लिहिलेलं, 'अर्थ अर्धाच दिसतो'. कुठला फोन, किती स्क्रीन, काही नाही, आणि तेव्हा डेव्हलपरला रिव्ह्यूला उत्तर देता यायचं नाही. तीन दिवस शोधल्यावर लक्षात आलं की २४० बाय ३२० च्या फोनवर माझी इमेज खालून कापली जातेय. त्या माणसाने मला बरोबर तेच सांगितलं होतं, मी मात्र त्याला साधं थँक्यूही म्हणू शकलो नाही, याची चुटपुट अजून आहे.

इमेज काढून टाकल्या. मग जुन्या पद्धतीचा, युनिकोडच्या आधीचा, छपाईच्या डीटीपीवाला फॉन्ट घेतला, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्याचं लायसन्स विचारून घेतलं, आणि युनिकोड मजकूर त्या फॉन्टच्या क्रमाने बदलणारा कन्व्हर्टर लिहिला, वेलांटी आधी, रफार नंतर, अर्धी अक्षरं वेगळी. या फॉन्टमध्ये जसं टाइप केलं तसंच दिसतं, सिस्टीमला काही करायचंच नसतं, म्हणून हे चाललं. दोन महिने गेले पण कापलं जाणं आणि मेमरी दोन्ही एकदम सुटलं. शेअर करताना मात्र मूळ युनिकोडच पाठवायचो, नाहीतर समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा कचरा गेला असता.

यानंतर अँड्रॉइड ४.० आलं, देवनागरी बऱ्यापैकी नीट दिसायला लागली, आणि आता माझा कन्व्हर्टरच आड यायला लागला, कारण मजकूर सिलेक्ट करणं त्याच्यामुळे अडायचं. नुसतं व्हर्जन बघून तो बंद करावा तर काही कंपन्यांनी २.२, २.३ मध्येच स्वतःची देवनागरी घातलेली, म्हणजे व्हर्जनवर भरवसा नाही. शेवटी अ‍ॅप उघडताना 'क्ष'ची रुंदी मोजायला लागलो, ती क आणि ष च्या बेरजेपेक्षा चांगली कमी आली तर जोडाक्षर होतंय, मग फोनचीच अक्षरं वापरायची, नाहीतर कन्व्हर्टर. चौकोन दिसणाऱ्या फोनवर तर तीन चौकोन दोनापेक्षा रुंदच येणार, तेही आपोआप पकडलं जायचं. मी लिहिलेल्या सगळ्या कोडमध्ये या चार ओळी मला सगळ्यात आवडतात.

माझ्या कऱ्हाडच्या काकांचा फोन मात्र २.३ वरच राहिला, त्याला अपडेट आलंच नाही, आणि ते रोज सकाळी एक म्हण वाचून मला फोन करून अर्थाबद्दल भांडायचे. नव्या फोनसाठी अ‍ॅप साफ केलं तेव्हा जुन्यांसाठी कन्व्हर्टरवाली वेगळी एपीके (अ‍ॅपची फाइल) मार्केटवर तशीच ठेवली, आणि काकांनी फोन बदलेपर्यंत नव्या म्हणी दोन्हीकडे टाकत राहिलो.