दिवाणखाना कुठे तोडायचा?

दुपारी कोशाचं शेवटचं प्रूफ मुख्य संपादकांकडून परत आलं, तेव्हा समासात लाल शाईने एकच प्रश्न जागोजागी लिहिलेला होता: 'हा शब्द इथे कसा तुटला?' दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल छापखान्यात जायची होती.

त्यांचा प्रश्न रास्त होता. एका ओळीच्या शेवटी 'दिवा-' आणि पुढच्या ओळीवर 'णखाना'. एके ठिकाणी 'सरका-' आणि खाली एकटा 'र'. 'जना-वर' वाचून तर क्षणभर अर्थच बदलत होता. उलट काही शब्द अजिबात न तुटता कॉलमच्या बाहेर डोकावत होते. 'दर्‍याखोर्‍यांतून' त्यातलाच. गंमत म्हणजे तोच शब्द चार पानं पुढे नीट तुटलेला होता.

दोन कॉलमांच्या मजकुरात शब्द तोडल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि मराठीत तर नाहीच. विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळी मूळ शब्दाला चिकटतात आणि 'व्यवस्थापनाबाबतच्या' एवढा लांब शब्द तयार होतो. तो अखंड ठेवायचा म्हटलं की वरच्या ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात.

आमची जुळणी झीटेकमध्ये, म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीच्या युनिकोड वाचणाऱ्या आवृत्तीत होती. टेकमध्ये शब्द कुठे तुटावा हे ठरवण्याची रीत फ्रँक लियांग यांनी स्टॅनफर्डला टेकचे जनक नूथ यांच्या हाताखाली केलेल्या, १९८३ च्या प्रबंधातली आहे. ती मला आजही फार सुंदर वाटते. अक्षरांच्या छोट्या तुकड्यांमध्ये आकडे लिहायचे. विषम आकडा म्हणजे इथे तोडायला हरकत नाही, सम आकडा म्हणजे तोडू नका. एकाच जागी अनेक तुकड्यांचे आकडे आले तर सर्वांत मोठा आकडा जिंकतो. बस, एवढंच. इंग्रजीचे ४४४७ पॅटर्न असे शब्दकोशातून संगणकानेच काढलेले आहेत. देवनागरीचे पॅटर्न मात्र शब्दकोशातून आलेले नाहीत, ते मोजक्या नियमांवरून लिहिलेले आहेत: व्यंजनाच्या आधी १, काना-मात्रेनंतर १, पाय मोडण्याच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना २. त्यामुळे जोडाक्षर कधी मधून फुटत नाही, ही त्यांची मोठी कामगिरी. पण 'दिवाण' हा एक शब्द आहे आणि 'सरकार' आपण सर-कार असं उच्चारतो, हे त्या नियमांना कुठून कळणार?

आधी मी 'र'कडे वळले. शब्दाच्या शेवटी किमान किती अक्षरं खाली न्यायची, हे राइटहायफनमिन ठरवतो. आमच्याकडे तो १ होता. माझा तरुण सहकारी म्हणाला, "ताई, तो २ करून टाकूया." तेवढ्याने 'र' थांबला असता, पण टेक अक्षरं मोजत नाही, युनिकोडची चिन्हं, म्हणजे संगणक मजकूर ज्यांत साठवतो ते सुटे घटक, मोजतो. 'माझ्या'तला 'झ्या' आपल्याला एक अक्षर दिसतो, टेकला चार चिन्हं. तो थांबवायला आकडा ५ करावा लागतो, आणि ५ केला की तीन चिन्हांचा 'कार' अडकतो, म्हणजे 'सर-कार' ही योग्य तोडही बंद होते. कुठलाच आकडा बरोबर नव्हता.

मग शेवटच्या अक्षराची सगळी जबाबदारी पॅटर्नवर टाकली. पॅटर्नमध्ये टिंब म्हणजे शब्दाची कड. '२र.', '२ला.', '२झ्या.' असं लिहिलं की ते अक्षर शब्दाच्या शेवटी आल्यावर एकटं खाली जात नाही, मधे आलं तर मोकळं. कोशाच्याच मजकुरातून शब्दांची शेवटची अक्षरं गोळा करून हे पॅटर्न एका छोट्या स्क्रिप्टने तयार केले. शब्दाच्या सुरुवातीला मात्र लेफ्टहायफनमिन २ पुरेसा वाटला. 'ज-' किंवा 'अ-' असं एकटं अक्षर ओळीच्या टोकाला राहत नाही आणि 'प्र-', 'वि-' हे उपसर्ग तुटायला मोकळे राहतात. ते मला डोळ्यांना खटकत नाहीत.

'दिवाणखाना' अपवादांच्या यादीत घालता आला असता. पण त्या यादीत शब्द जसाच्या तसा लागतो. दिवाणखान्यात, दिवाणखान्याच्या, दिवाणखान्यापर्यंत, प्रत्येक रूप वेगळं द्यावं लागतं. मराठीसाठी ती यादी मला नेहमीच अपुरी वाटते. 'दि२वा२ण१खा' हा एक पॅटर्न सगळ्या रूपांना पुरतो.

फाइल बदलून सहकाऱ्याने कोश पुन्हा चालवला. "ताई, काहीच फरक नाही!" फरक पडणारच नव्हता. झीटेकमध्ये पॅटर्न फॉरमॅट, म्हणजे प्रणाली सुरू होताना वाचते ती आधीच तयार केलेली फाइल, बनवतानाच आत भरले जातात. तो नव्याने बांधला की मगच बदल लागू होतो. लुआटेक ही टेकची दुसरी आवृत्ती पॅटर्न आयत्या वेळीही घेते, पण त्या रात्री इंजिन बदलणं म्हणजे आगीशी खेळ. फॉरमॅट बांधला आणि कॉलमची रुंदी शून्यावर आणून संशयित शब्दांची चाचणी लावली. तेवढ्या जागेत शब्द जिथे जिथे तुटू शकतो तिथे तिथे तुटून दाखवतो. परिच्छेदाचा पहिलाच शब्द टेक तोडत नाही, म्हणून प्रत्येक शब्दाआधी शून्य लांबीची जागा सोडावी लागते.

उरला 'दर्‍याखोर्‍यांतून'. पडद्यावर दोन्ही रूपं हुबेहूब सारखी. आतली चिन्हं उघडली तेव्हा उलगडा झाला: एका टंकलेखकाने ऱ वापरून लिहिलं होतं, दुसऱ्याने साधा र, मोडलेला पाय आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर. आमच्या मांडणीत या अदृश्य चिन्हाचा एलसीकोड, म्हणजे चिन्हाला शब्दातलं अक्षर धरायचं की नाही हे टेकला सांगणारा आकडा, शून्य होता, म्हणून टेकच्या लेखी शब्द तिथेच संपत होता आणि पुढचा भाग तोडायचा विचारच होत नव्हता. एलसीकोड देऊन भागलं असतं. मी तरीही सगळ्या मजकुरात ऱ करून घेतला, कारण कोशात शोध घेणाऱ्यालाही एकच रूप मिळायला हवं.

ओळी बदलल्या, नोंदी एका पानावरून दुसऱ्यावर सरकल्या, सूची पुन्हा काढावी लागली. पहाटे 'जनावर' तेवढा राहिला. 'ज' एकटा राहू द्यायचा नाही, 'र' एकटा न्यायचा नाही, 'जना-' नको, म्हणजे तो शब्द अतूटच झाला आणि त्याच्या वरची ओळ विरळ पडली. मी संपादकांना फोन केला. त्यांनी नोंद वाचायला लावली, थोडं थांबले आणि म्हणाले, "तिथे पशू करा. व्याख्येला तोच जास्त नेमका आहे." ओळ बसली. फाइल वेळेवर गेली.