डांबरावरचा निळा डाग

रस्त्याच्या कंत्राटदाराला फोटोग्राफर लागतो, हे लोकांना खरं वाटत नाही. केबलसाठी खणलेला चर बुजवला की बिलाला तीन फोटो जोडायचे: आधी, काम चालू, नंतर. तिन्ही एकाच कोनातून. मागे न हलणारी खूण हवी, म्हणजे खांबाचा नंबर किंवा दुकानाची पाटी, आणि फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. लग्नसराई नसली की माझं घर या चरांवर चालतं.

अशा फोटोत सौंदर्य आलं तर काम बिघडलं समजायचं. तरी मला मास्टिकचं, म्हणजे चरावर शेवटी ओततात त्या डांबराच्या थराचं, वेड आहे. कुकरमध्ये दोनशेच्या आसपास तापवलेलं ते काळं लापशीसारखं ओततात आणि गुडघ्यावर बसून लाकडी थापीने हाताने पसरतात. त्यावर रोडरोलर फिरत नाही. मग वरून डांबर लावलेली बारीक खडी दाबतात, म्हणजे चाकं घसरत नाहीत. सकाळचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खड्याला आपली सावली मिळते. ॲरन सिस्किंड या अमेरिकन फोटोग्राफरने उतारवयात अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या डांबराच्या डागडुजीचे फोटो काढले, नुसते काळे फराटे. ते पाहिल्यापासून मी मान खाली घालूनच चालतो. रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवून घोळक्याने फिरणारे हौशी फोटोग्राफर साधू आणि चहाची वाफ शोधतात. पायाखाली कुणी बघत नाही.

जानेवारीतली गोष्ट. गिरगावातली एक गल्ली, सव्वाआठ. दोन इमारतींच्या फटीतून ऊन थेट नव्या चरावर आलेलं. समोरच्या दुकानदाराने उंबऱ्यापुढे पाणी मारलं होतं, ते ओघळून मास्टिकच्या मधोमध थांबलं होतं. काळ्या पट्ट्यात एक फिकट निळा डाग, वर आभाळ, कडेला सोनेरी रेघ. खाली पिवळ्या पट्टीचा कापलेला तुकडा आणि कुणाच्या तरी चपलेचा अर्धा ठसा. मला चित्रकार वासुदेव गायतोंडे आठवले. तेही गिरगावच्या चाळीत वाढलेले, रोलरने रंग पसरायचे. हातात फोन होता, जिओटॅगचं ॲप उघडंच होतं. खांब नाही, पाटी नाही, फक्त तो पट्टा, असा फोटो घेतला. मग नियमातला ‘नंतर’ घेऊन पुढच्या गल्लीत गेलो.

रात्री अख्खा फोल्डर चढवला. बेचाळीस फोटो, त्यात तोही गेला.

एरवी काही झालं नसतं. फायलीतले फोटो कुणी बघत नाही, मोजतात. पण या वेळी जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर, नवीन होती आणि तिने पाहिला. चार दिवसांनी फोन: “हा फोटो तुम्हीच काढलाय ना? पाणी मधे साचलंय. म्हणजे चर बसलाय.” दुसऱ्या दिवशी तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवली. मधे खालून उजेड दिसत होता. खालची भरणी नीट ठोकलेली नव्हती. आत पोकळ आणि वर झकास मास्टिक. बिल अडलं, चर पुन्हा खणायला लागला.

मी इतकी वर्षं डांबर बघतोय. निळा रंग दिसला, कड दिसली, सपाट जागेत पाणी असं मधोमध थांबत नाही हे मात्र दिसलं नाही. ती मुलगी माझ्यापेक्षा चांगलं बघते, हे मला अजून जड जातंय.

कंत्राटदाराने भुर्दंड मुकादमाच्या हिशेबात टाकला. भरणी घाईत उरकायला लावणारा कंत्राटदारच, पण ते कुठल्या फोटोत येणार? मुकादम दुसऱ्या खणाईच्या रात्री भेटला. मी काय बोलावं ते सुचेना. त्यानेच फोन मागितला, तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. “झाक आलाय, दादा,” म्हणाला. “पण दुपारी यायचं होतंत. दुपारी पाणी वाळलेलं असतं.”

आता कंत्राटदाराचा मेसेज असतो: फोटो बारा ते दोनमध्येच काढणे.

परवा तरी सकाळी सव्वाआठला त्या गल्लीत गेलो. धुरकं होतं, ऊन फटीतून आलंच नाही. दुकानदार पाणी मारत होता. उभा राहून बघितलं. पाणी या कडेने त्या कडेला वाहून गटारात गेलं.